पाण्याची धार, तेलाचा डाग

लोखंड कापताना हत्यार तापते, हे लोहाराच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. ही उष्णता येते कोठून, हा प्रश्न मात्र पंडितांना बराच काळ छळत होता. काउंट रमफोर्डने म्युनिकच्या तोफखान्यात त्याची शहानिशा केली आणि १७९८ साली ती जगापुढे मांडली. तोफ पोखरण्याचे बोथट हत्यार त्याने पाण्याच्या पेटीत ठेवले आणि घोडे जुंपून यंत्र फिरवले. अडीच तासांत पाणी उकळू लागले. विस्तवावाचून उकळणारे पाणी पाहून भोवतालची मंडळी चकित झाली, यात नवल नाही.

पण पाण्याला तापवणाऱ्या या उष्णतेवर पाण्याचाच उतारा शोधायला पुढे पंचाऐंशी वर्षे गेली. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर नावाचा तरुण फोरमन १८८० पासून धातू कापण्याचे प्रयोग करीत होता. सहा महिन्यांत आटोपेल, अशा समजुतीने हाती घेतलेले हे काम सव्वीस वर्षे चालले आणि त्यात आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस पडला! टेलरची शिस्त कामगारांना जाचक वाटे, ती कथा निराळी. चिकाटी मात्र मानलीच पाहिजे.

तोवर लेथवर पाणी वापरीत, पण डब्यातून थेंब थेंब, तेही कामाला झिलई यावी म्हणून. १८८३ साली टेलरला आढळले, की हत्यार जेथे कीस सोलून काढते नेमक्या त्याच जागी पाण्याची जाड धार सोडली, तर कापण्याचा वेग शेकडा तीस ते चाळीसने वाढवता येतो. मग १८८४ च्या नव्या इमारतीत प्रत्येक यंत्र लोखंडी परातीत बसवले गेले. परातीतले पाणी जमिनीखालच्या नळांनी विहिरीत जाई, तेथून पंपाने उंचावरच्या टाकीत चढे आणि पुन्हा यंत्रांवर येई. गंज चढू नये म्हणून त्यात भरपूर सोडा विरघळवलेला असे.

गंमत पुढेच आहे. हा कारखाना वर्षानुवर्षे पाहुण्यांना खुला होता. शेकडा चाळीसचा नफा धो धो वाहताना दिसत होता. तरीही, टेलर म्हणतो, १८९९ मध्ये बेथलेहेमला तशी सोय होईपर्यंत त्याच्याच जुन्या सहकाऱ्यांचा एक लहान कारखाना सोडला, तर अमेरिकेत कोणी ती उचलली नाही. आपल्याकडे म्हण आहेच, जवळच्या तीर्थाला पापी जात नाही.

पाणी थंड करते, पण वंगण पुरवत नाही. आटे पाडण्यासारख्या अवघड कामाला तेलच लागे. आधी डुकराच्या चरबीचे, पुढे खनिज तेल, आणि मग तेल व पाणी साबणाच्या साहाय्याने एकजीव केलेले ते दुधासारखे मिश्रण. या सोयीची किंमत मात्र लेथसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर लिहिली जात होती. धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉटने १७७५ सालीच सांगितले होते. खनिज तेलामुळे कापूस-गिरणीतल्या सूतकात्यांनाही तोच रोग जडतो, हे १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दाखवले. यंत्रावर वाकणारा कामगार तेलकट चिंधी पँटच्या खिशात कोंबे, आणि तेल कपड्यांतून कातडीपर्यंत पोचे.

इंग्लंडमधील एका बोल्ट-नटांच्या कारखान्यातला टूलसेटर याच रोगाने गेला. कारखान्याच्या डॉक्टरला धोका ठाऊक होता. कामगारांना त्याने इशारा दिला नव्हता, ठरावीक मुदतीने तपासणीही ठेवली नव्हती. १९६८ साली न्यायालयाने याचा दोष कंपनीवर ठेवला आणि त्याच्या विधवेला भरपाई देवविली.