जमाखर्चाच्या नव्या वहीचा कारागीर

दुधनीच्या अडत बाजाराशी ज्यांचा संबंध आहे, त्या आमच्या ज्ञातिबांधवांस रोजकीर्द व खतावणी समजावून सांगावयास नको. ब्लॉकचेन ही तशीच एक वही होय; २००९ साली ती बिटकॉइनसाठी चालू झाली. ती अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेविली जाते व प्रत्येक पानात मागील पानाची खूण गोवलेली असते. सबब मागे खाडाखोड केली की पुढील खुणा जुळत नाहीत.

या वहीची हत्यारे घडविणाऱ्यांत जयंती कनानी यांचे नाव मोठे. अहमदाबादच्या हिरे-कामगाराचे हे पुत्र संगणक अभियंता होऊन पुण्यात दरमहा ६,००० रुपयांच्या नोकरीस लागले. पुढे हाउसिंग डॉट कॉममध्ये काम केल्यावर २०१७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'मॅटिक' उभारले. इथेरियम नामक वहीचा संथपणा घालविणे हा त्यामागील हेतू. त्यांच्या 'डॅगर' या साधनाने इतर अभियंत्यांस नव्या नोंदीची वार्ता तत्काळ मिळू लागली. २०२१ मध्ये मॅटिकचे 'पॉलिगॉन' झाले. आभासी नाण्यांचा सट्टा आम्हांस मुळीच रुचत नाही; परंतु सट्टा निराळा आणि हत्यार निराळे.

२०२२ साली गडचिरोलीतील एटापल्ली येथे ६५,००० जातीचे दाखले याच पॉलिगॉनवर नोंदविण्याचे काम निघाले. बनावट दाखल्यापायी ज्यांच्या मुलाची जागा गेली, त्या घरांस याचे मोल कळेल. मात्र मूळ नोंदच चुकली असेल तर ही वही ती चूकही तितक्याच इमानाने जपते. आमच्या या सरहद्दीच्या गावी एकच आडनाव मराठी शाळेत एक व कन्नड शाळेत दुसरे, असे नोंदलेले आम्ही पाहिले आहे. ती दुरुस्ती आधी शाळेच्या जनरल रजिस्टरातच करून घ्यावी लागते.