सरगुजातील जलोदर : एक विसरलेली साथ



इतिहासाच्या व्याख्यानात एका रानशेंगेला स्थान मिळावे, याचे आपणांस नवल वाटेल. बीदर-कलबुर्गीच्या शिवारात वाढलेल्यांना मात्र ती परकी नाही. वाळली की आतल्या बिया वाजतात, म्हणून तिला खुळखुळा म्हणतात. शाळेच्या वाटेवर आम्हीही ती वाजवीत असू. दोरासाठी व हिरवळीच्या खतासाठी आपण पेरतो तो ताग याच कुळीचा.

या कुळीतील एका रानटी जातीने १९७० नंतरच्या पाच-सहा वर्षांत सरगुजा जिल्ह्यात माणसे मारली. तो जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आज छत्तीसगडात आहे. आदिवासी खेड्यांत धडधाकट माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली. नोंद झालेल्या ६७ रुग्णांपैकी २८ दगावले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या शेजारच्या हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेनेही कारणाचा शोध घेतला. माग निघाला तो धान्याच्या कणगीत. गोंदली हे तेथील गरिबाचे बारीक भरडधान्य. त्यात या तणाच्या बिया मिसळलेल्या होत्या.

त्या बियांतील पायरोलिझिडीन वर्गाची अल्कलॉइडे मूळ रूपात फारशी घातक नसतात. परके द्रव्य आले की त्याचे रूप पालटून ते बाहेर घालवावे, हा यकृताचा धर्म. आणि तो पाळतानाच यकृत त्यांचे जहाल विष करते. मग यकृतातील बारीक शिरा बुजतात, रक्ताला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि पोटात पाणी साचते. रखवालदारानेच घात करावा तसे हे आहे.

त्याच सुमारास अफगाणिस्तानात, हेरातजवळच्या गुलरान भागात, दोन वर्षांच्या अवर्षणानंतर गव्हात दुसऱ्याच एका तणाचे बी मिसळले. तेथे तपासलेल्या सुमारे ७,२०० लोकांपैकी पाचांत एकाहून अधिकांना यकृताचा विकार आढळला.

आपल्या दुष्काळांचे इतिहास धान्य किती कमी पडले ते सांगतात. जे मिळाले त्यात काय होते, हे क्वचितच विचारतात. माझी आजी ज्वारी दोनदा पाखडी आणि सुपाबाहेर पडलेले कोंबड्यांना टाकी. १९७२च्या दुष्काळात ती एकदाच पाखडू लागली. खाली पडलेलेही वेचून ती पुन्हा सुपात घेई.