परवान्याचं पिस्तूल घेताय? आधी हातात बसतं का ते बघा

शेतातल्या वस्तीवर घर, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला अंधारात जाणं, चोरांची भीती आणि त्यात बिबट्या. अकोले, संगमनेर, राहुरी पट्ट्यात हे नेहमीचंच. म्हणून परवाना काढून पिस्तूल घ्यावं का, असा विचार अनेक घरांत होतो. घेण्याआधी ही माहिती वाचा.

९ एमएम सर्वसामान्यांना नाही
सिनेमात दिसणारं ९ एमएम पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. पोलिसांकडे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ एमएम १ए असतं. हे जुन्या ब्राउनिंगच्या धर्तीवरचं, लोखंडी, जड, १३ गोळ्यांचं. एनएसजीसारख्या दलांकडे ऑस्ट्रियाचं ग्लॉक १७ आहे. त्याची बॉडी पॉलिमरची, म्हणून वजनाला हलकं, आणि गोळ्या १७. पण ग्लॉकला अंगठ्याने लावायचा वेगळा सेफ्टी खटका नसतो, त्यामुळे सगळी भिस्त बोटाच्या शिस्तीवर.

सर्वसामान्यांना मिळतं ते .३२ बोअर. त्यात सरकारी कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे मुख्य पर्याय आहेत.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?
पिस्तूल चपटं असतं, कमरेला कमी जाणवतं, मॅगझिन पटकन बदलतं. पण स्लाइड मागे ओढायला बोटांत जोर लागतो. वयस्कर माणसाला किंवा हात दुखणाऱ्याला ते जड जातं. गोळी अडकली तर ती काढायचा सराव हवा.

रिव्हॉल्व्हर मधे फुगीर, गोळ्या सहाच. पण स्लाइड ओढायची भानगड नाही. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा घोडा दाबला की पुढची गोळी समोर येते. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' वजनाला अर्धा किलोच्या आसपास. २०२३ मध्ये कानपूरहून आलेलं 'प्रबल' सुमारे ७०० ग्रॅमचं, त्याचं चक्र बाजूला उघडतं. हलकं हत्यार वागवायला सोपं, पण झटका जास्त देतं.

दुकानात काय बघायचं?
मूठ पूर्ण हातात येते का? मूठ न सरकवता बोट घोड्यापर्यंत पोहोचतं का? स्लाइड स्वतःला ओढता येते का? सेफ्टी अंगठ्याने लागते का? यातलं एक जरी जमत नसेल तर ते हत्यार आपलं नाही.

सगळ्यात मोठी चूक
मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नाही. एक गोळी नळीत राहू शकते. ब्राउनिंग पद्धतीचं पिस्तूल मॅगझिनशिवाय सहसा उडत नाही, ग्लॉक मात्र उडतं. म्हणून मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी बघायची. घरात पोरं असतील तर हत्यार कुलपात, गोळ्या वेगळ्या.

बिबट्यासाठी उपयोग नाही
बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. अंधारात .३२ ची गोळी नेमकी लागणं कठीण, आणि जखमी बिबट्या जास्त धोकादायक. त्यापेक्षा बॅटरी, काठी, सोबतीला माणूस आणि वनविभागाची १९२६ हेल्पलाइन बरी.

कायदा काय सांगतो?
परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. पोलीस चौकशी होते, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा, आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं. लग्नात-वरातीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

स्वस्तात मिळतो म्हणून गावठी कट्टा घेऊ नका. विनापरवाना हत्यार बाळगलं तर २ ते ५ वर्षं कैद आणि दंड. शिवाय तो हातातच फुटण्याचा धोका वेगळाच.