पाणीमहाल : धरणाच्या पोटातील राजघर

सोलापूरच्या शाळांच्या एका दिवसाच्या सहलींमध्ये नळदुर्गचा किल्ला हमखास असतो. जिल्हा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद), पण अंतराने सोलापूरच जवळ. हैदराबादच्या रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर. मुले तट चढतात, उपळ्या बुरुजावरच्या लांबच लांब तोफांवर हात फिरवतात, डबे खातात आणि शेवटी पाणीमहालात उतरतात. तिथे त्यांना सांगितले जाते की पुढे पाणी, मागे पाणी, डोक्यावरून पाणी, तरी आत थेंब येत नाही आणि याचे गूढ आजवर कुणाला उकललेले नाही.

हे शेवटचे वाक्य आम्हांला खटकते. गूढ म्हटले की प्रश्न विचारायचे कामच उरत नाही. पाणीमहाल तर प्रश्न विचारण्यासाठीच बांधला असावा, इतकी ती जागा शिक्षकाच्या सोयीची आहे.

आधी जागा नीट पाहू. बोरी नदीच्या खोऱ्यात पुढे आलेल्या काळ्या कातळाच्या पठारावर हा किल्ला आहे. नदीपलीकडच्या टेकडीवर रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. या दोहोंच्या मध्ये, नदीच्या आडवी, दगडाची जाड भिंत घातली आहे. हेच ते धरण. त्याच्या माथ्यावरून चालत रणमंडळात जाता येते, म्हणजे तो पूलही झाला. माथ्याच्या खाली, भिंतीच्या पोटात, जिने उतरून गेल्यावर लागतो तो महाल. त्याची दर्शनी बाजू धरणाच्या खालच्या अंगाला उघडते. धरण भरले की जादा पाणी माथ्यावरून वाटेल तसे वाहत नाही. त्यासाठी दोन सांडवे ठेवले आहेत. लोकांनी त्यांना नाव दिले आहे ‘नर’ आणि ‘मादी’. महालाच्या झरोक्यात बसलेल्याला हे पाणी डोळ्यांसमोर कोसळताना दिसते.

महाल सुंदर आहे, पण लहान आहे. धरण मोठे आहे. धरणामुळे नदीचे पाणी किल्ल्याच्या पायथ्याशी बारमाही तुंबून राहिले, शिबंदीला प्यायला पाणी मिळाले, शत्रूला त्या बाजूने येण्याची वाट उरली नाही आणि जोडकिल्ल्याशी दळणवळण पक्के झाले. एवढे सगळे साधल्यावर राजाने आपली हौस त्याच भिंतीत बसवून घेतली. निदान आम्ही तरी हा क्रम असाच लावतो.

या भागात त्या काळी किल्ल्यांना केवढी किंमत होती, हे सोलापूरकरांना सांगायला नको. अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाला दिली, तेव्हा सोलापूरचा भुईकोट हुंड्यात गेला. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधीची ही सोयरीक. पुढे १५८० मध्ये अली मारला गेला आणि त्याचा पुतण्या, दुसरा इब्राहिम, नऊ-दहा वर्षांचा असताना गादीवर आला. पोर गादीवर आहे असे पाहून निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी नळदुर्गाला वेढा घातला. किल्ला पडला नाही. त्याच इब्राहिमाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, हे धरण आणि महाल उभे राहिले. वेढ्याची आठवण आणि धरण यांचा संबंध सांगणारा कागद आमच्यापुढे नाही, पण वेढा सोसलेल्या दरबाराला पाण्याचे मोल नव्याने समजावून सांगावे लागले नसणार. हा इब्राहिम संगीताचा वेडा. आपल्याला तो ‘किताब-ए-नौरस’मुळे माहीत असतो. पाण्यासमोर बसून गाणे ऐकण्याची जागा त्याला आवडली असेल, तर त्यात नवल नाही.

आता त्या ‘गूढा’कडे वळू. भिंत पाण्याला का हटत नाही? उत्तर आहे वजन. फळ्यावर मांडता येईल असे सोपे उदाहरण घेऊ. आकडे नळदुर्गचे नाहीत, हिशेबासाठी घेतलेले आहेत. पाणी १० मीटर खोल धरा. तळाशी दर चौरस मीटरला १० टन दाब पडतो, पृष्ठभागाशी शून्य. सरासरी ५ टन. म्हणजे एक मीटर लांबीच्या भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा ५० टन. भिंत १० मीटर उंच आणि ५ मीटर जाड असेल, तर त्याच एक मीटर लांबीत ५० घनमीटर बांधकाम येते. दगड-चुन्याच्या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे २.४ टन धरले, तर १२० टन झाले. हे वजन तळाच्या कातळावर दाबून बसते आणि घर्षणामुळे भिंत सरकत नाही. आता त्या भिंतीत ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली कोरा. ९ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ टन वजन गेले. उरले ९८. अजून चालेल, पण सरकण्याविरुद्धची शिल्लक कमी झाली. आणखी एक खोली काढावी का? हा प्रश्न दहावीच्या वर्गाला जरूर घाला. पाण्याची खोली दुप्पट केली तर रेटा चौपट होतो, हेही मुलांनाच शोधू द्या.

(भिंतीखाली झिरपणारे पाणी तिला वर उचलू पाहते, भिंत सरकण्याऐवजी उलथूही शकते. हे हिशेब यापुढचे.)

डोक्यावरून पाणी जाते म्हणजे आपण पाण्यात आहोत, असे नव्हे. महालाचे उघडे तोंड कोरड्या बाजूला आहे आणि कोसळणारे पाणी सांडव्यांनी ठरवून दिलेल्या वाटेने जाते. पुराचे पाणी जिथे आपटते तिथे जमीन मातीची असती, तर धरणाचा पाया केव्हाच उकरला गेला असता. इथे खाली दख्खनचा कातळ आहे. जागेची ही निवडच बांधणाऱ्याचे खरे कसब आहे, असे आम्हांला वाटते.

आणि हा बांधणारा निनावी नाही. त्याचे नाव मीर मुहम्मद इमादिन असे दिले जाते. जुन्या इमारतींच्या बाबतीत राजाचे नाव मिळते, गवंड्याचे आणि स्थपतीचे क्वचितच. इथे मिळते, तरी सहलीच्या वहीत मुले ‘इब्राहिम आदिलशाहाने बांधला’ एवढेच लिहून आणतात.

या वास्तूवर प्रेम करणारा आणखी एक माणूस होता, फिलिप मेडोज टेलर. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा जिल्ह्याचे नावच नळदुर्ग होते आणि टेलर त्याचा कारभार पाहायला आले. १८५७ पर्यंत ते या भागात होते. त्याआधी सुरपूरला असताना त्यांनी तलावांची कामे केली होती, त्यामुळे धरणाकडे त्यांनी जाणत्याच्या नजरेने पाहिले. १८७७ मध्ये, मृत्यूनंतर वर्षाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात किल्ल्याचे आणि या बंधाऱ्याचे वर्णन आहे. पुढच्याच वर्षी आलेली त्यांची चांदबीबीवरची कादंबरीही याच परिसरात वावरते.

टेलरनी पाहिलेला धबधबा आणि आपण पाहतो तो, यांत एक फरक आहे. आता नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरी नदीवर आधुनिक धरण आहे. पाऊस आधी ते धरण भरतो. ते भरून सांडले, तरच नर-मादी जोमाने कोसळतात. बेभरवशाच्या पावसाच्या या टापूत असे दरवर्षी घडत नाही. आजूबाजूच्या गावांना त्या साठ्याचे पाणी प्यायला लागते, म्हणून तक्रार करावी असेही नाही. खाली अक्कलकोट तालुक्यात कुरनूरचे धरण याच नदीवर आहे, आणि तिथून पुढे बोरी भीमेच्या खोऱ्यात जाते. एका छोट्या नदीवर काही शतकांच्या अंतराने बांधलेली तीन धरणे एका दिवसात पाहून होतात.

तेव्हा सहल ठरवताना बोरी धरण भरल्याची बातमी आली आहे का, ते आधी पाहा. नसेल आली, तरी जा. कोरड्या वर्षात सांडव्यांचे दगड उघडे असतात आणि पाण्याने ते कुठे झिजवले आहेत, ते मुलांना सावकाश बघता येते.