बोगाँग पठारावरील चराईबंदी

बोगाँग पठारावरील चराईबंदी : ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील उंच पर्वतीय कुरणांत कुंपण घालून गुरे दूर ठेवण्याचा प्रयोग व त्यातून उद्‌भवलेला दीर्घ वाद. समुद्रसपाटीपासून सु. १,६०० मी. वा अधिक उंचीचे हे पठार हिवाळ्यात बर्फाखाली असते. १८५० नंतर वसाहतकारांनी तेथे उन्हाळी चराईसाठी गुरे नेण्यास आरंभ केला. खूर असलेले प्राणी या भूमीला अपरिचित होते. गुरे कोवळ्या पानांच्या फुलझाडांचा वेचून फडशा पाडीत. त्यांच्या खुरांनी गवताचे झुबके मोडून माती उघडी पडे आणि मातीत गोठणाऱ्या बर्फाच्या सुया ती भुसभुशीत करीत. दलदलीतील स्फॅग्नम शेवाळ तुडविले जाऊन तेथे ओघळी पडत. १९३९ च्या वणव्यानंतर धूप वाढली व ह्यूम धरण गाळाने भरेल, अशी भीती उत्पन्न झाली.

मृद्‌संधारण मंडळाच्या कामासाठी मेझी फॉसेट या मेलबर्न विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ १९४१ मध्ये या डोंगराळ भागात गेल्या. १९४५ च्या सुमारास त्यांनी रॉकी व्हॅली व प्रिटी व्हॅली येथे कुंपणे उभारून आतील व बाहेरील वनस्पतींची नियमित नोंद सुरू केली. कुंपणाने वाचलेली जमीन थोडीच होती. खरे महत्त्व या तुलनेला होते. जॉन टर्नर यांच्यासह १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आतील भागात फुलझाडे परतली आणि उघडी माती कमी झाली. त्याआधीच, १९४६ पासून, मेंढ्या व घोडे यांना पठारावर मज्जाव करण्यात आला होता; गाईबैल मात्र राहिले.

न चरलेले गवत वणव्यास इंधन पुरवील, हा गुरेवाल्यांचा मुख्य आक्षेप. वरकरणी तो पटण्यासारखा असला, तरी गुरे झुडपे फारशी खात नाहीत; उलट तुडविलेल्या उघड्या जागीच झुडपांची रोपे सहज रुजतात. २००३ च्या वणव्यानंतरच्या पाहणीत चरलेल्या व न चरलेल्या भागांच्या जळण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दाट झुडपांचा प्रदेश गवताळ भागापेक्षा अधिक जळाला होता. आल्पाइन राष्ट्रीय उद्यानातील चराईचे परवाने २००५ मध्ये संपुष्टात आले. २०११ मध्ये ‘प्रयोग’ म्हणून उद्यानात पुन्हा गुरे सोडण्यात आली, तेव्हा संघशासनाने हस्तक्षेप केला. २०१५ मध्ये राज्याने कायद्यानेच चराई बंद केली.

गवताळ उतार तुलनेने लवकर सावरले. शेवाळाच्या दलदलींची भरपाई अतिशय मंद आहे. आता तेथे दक्षिण आशियातून पूर्वी नेलेल्या सांबरांचे कळप लोळतात. गुरांसाठीची साधी कुंपणे त्यांना अडवू शकत नाहीत.