रूळ उखडल्यावर जमीन कोणाची? केटी ट्रेलचा इतिहास

१/ अमेरिकेच्या मिझुरी राज्यात एक रस्ता आहे. लांबी सुमारे २४० मैल, म्हणजे साधारण मुंबईहून कोल्हापूरला जाण्याइतकी. त्यावर मोटार नाही, सिग्नल नाही. चुनखडीच्या बारीक खडीवरून सायकली जातात. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस कडे आणि मक्याची शेते. आजचा थ्रेड या निवांत रस्त्याच्या भांडखोर इतिहासाविषयी.

२/ रस्त्याचे नाव केटी ट्रेल. ‘केटी’ ही कोणी स्त्री नव्हे. मिझुरी–कॅन्सस–टेक्सास रेल्वेच्या नावातील के आणि टी या आद्याक्षरांवरून लोकांनी त्या रेल्वेला हे लाडके नाव दिले. या मार्गाचा नदीकाठचा मोठा भाग १८९०च्या दशकात बांधला गेला. रोशपोर्ट गावाजवळचा त्या काळातील बोगदा आजही सायकलस्वारांच्या वाटेवर आहे.

३/ जुना लोहमार्ग सायकलीस इतका का मानवतो? लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असते, त्यामुळे आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. अभियंत्यांनी म्हणूनच टेकड्या फोडल्या, खोलगट भागांत भराव घातले आणि वळणे ऐसपैस ठेवली. एकोणिसाव्या शतकातील मजुरांचे ते कष्ट आजच्या सायकलस्वाराच्या पायांना विसावा देतात.

४/ १९१६च्या सुमारास अमेरिकेतील लोहमार्गांचे जाळे सर्वाधिक विस्तारलेले होते: सुमारे २,५४,००० मैल. पुढे मोटारी, मालमोटारी आणि महामार्ग आले व खेड्यापाड्यांतील शाखा तोट्यात गेल्या. १९८०च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांवरील निर्बंध सैल केले आणि तोट्यातील मार्ग सोडून देणे अधिक सोपे झाले.

५/ रूळ विकले जातात, स्लीपर उचलले जातात. मागे उरतो तो उंच, अरुंद, शेकडो मैल सलग भराव. अशी सलग पट्टी पुन्हा मिळवायची तर हजारो मालकांशी नव्याने बोलणी करावी लागतील. ती तुकड्यातुकड्यांनी मोडली की कायमची गेली. ही गोष्ट ज्यांच्या प्रथम ध्यानी आली, त्यांत मे थिलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक होत्या.

६/ शिकागोच्या पश्चिमेस एक विद्युत रेल्वे बंद पडली होती. १९६३ साली वॉट्स यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहून ही पट्टी बुलडोझरच्या हाती जाण्यापूर्वी पायवाट म्हणून राखावी, असे सुचवले. त्यातून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ उभा राहिला. वृत्तपत्रातील एका वाचकपत्राला असे फळ क्वचितच येते.

७/ १९६७ साली शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा ३२ मैलांचा मार्ग सायकलींसाठी खुला झाला. त्यावर तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब सुमारे ३,८०० फुटांचा. हिवाळ्यात आत बर्फ साचून बोगदा खराब होऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाशी प्रचंड लाकडी दारे होती. गाडी आली की पहारेकरी ती उघडी आणि गेली की पुन्हा लावी.

८/ आता मूळ प्रश्न. रूळ उखडल्यावर खालची जमीन कोणाची? उत्तर दिसते तितके सोपे नाही. काही ठिकाणी कंपनीने जमीन पूर्ण मालकीने विकत घेतली होती. अनेक ठिकाणी मात्र शेतकऱ्याने केवळ गाडी नेण्याचा हक्क दिला होता. आपल्याकडील शब्दांत सांगायचे तर कंपनीकडे सातबारा नव्हता, वहिवाट होती.

९/ वहिवाट ज्या कारणासाठी दिली ते कारण संपले की हक्कही संपतो, असे तेथील अनेक राज्यांचे कायदे सांगत. आजोबांनी आगगाडीला वाट दिली, आगगाडी गेली, मग नातवाने ती पट्टी नांगराखाली का घेऊ नये? शेतकऱ्याचा हा प्रश्न लोभाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याच्या हाती कागद होता.

१०/ भारतात हा पेच याच रूपात का दिसत नाही? जी.आय.पी. रेल्वेसारख्या कंपन्यांना जमीन सरकारने संपादित करून विनामूल्य दिली होती. शेतकरी आणि कंपनी यांच्यामध्ये सरकार उभे होते. अमेरिकेत कंपनी आणि शेतकरी यांचा व्यवहार पुष्कळदा थेट झाला, आणि त्या जुन्या दस्तांतील शब्दांवर शंभर वर्षांनंतर खटले उभे राहिले.

११/ १९८३ साली अमेरिकी काँग्रेसने १९६८च्या राष्ट्रीय पायवाट कायद्यात दुरुस्ती केली. तिचे नाव रेलबँकिंग. कल्पना अशी: मार्ग ‘सोडून दिला’ असे मानायचेच नाही. भविष्यात रेल्वे पुन्हा लागेल म्हणून पट्टी राखून ठेवायची आणि तोवर तिचा पायवाट म्हणून तात्पुरता वापर करायचा. मार्ग सोडलाच नाही, तर वहिवाटही संपत नाही.

१२/ युक्ती चतुर होती. शेतकऱ्यांना ती चलाखी वाटली. १९८६च्या ऑक्टोबरात केटी रेल्वेने मिझुरीतील सेडेलिया ते माकेन्स हा मार्ग बंद केला आणि राज्याने रेलबँकिंगचा आधार घेतला. टेड जोन्स या दानशूर गृहस्थांनी मार्गाचा हक्क विकत घेण्यासाठी २ लाख डॉलर आणि तो विकसित करण्यासाठी सुमारे २० लाख डॉलर दिले.

१३/ काठावरच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. चोरी, कचरा, शेतात शिरणारे अनोळखी लोक ही भीती होतीच; पण मुळाशी होता हक्काचा प्रश्न. आम्ही वाट आगगाडीला दिली, शहरातून सहलीला येणाऱ्यांना नव्हे, असे त्यांचे म्हणणे. १९८९ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

१४/ १९९० साली असाच एक खटला व्हरमाँट राज्यातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला: प्रिसॉल्ट विरुद्ध आंतरराज्य वाणिज्य आयोग. न्यायालयाने एकमताने सांगितले की कायदा घटनेला धरून आहे. पण त्यामुळे कोणाची मालमत्ता हिरावली गेली असेल, तर त्याने सरकारकडे भरपाई मागावी. त्याच वर्षी केटी ट्रेलचा पहिला टप्पा खुला झाला.

१५/ या निकालाने वाट जनतेला मिळाली आणि शेतकऱ्यालाही एक दार उघडले. २००० साली मिझुरीतील जमीनमालकांच्या दाव्यात दाव्यांच्या न्यायालयाने मान्य केले की सरकारने त्यांची मालमत्ता घेतली आहे आणि तिचे मोल देणे लागते. म्हणजे शेतकऱ्यांचा मूळ युक्तिवाद पोकळ नव्हता. त्यांना जमीन परत मिळाली नाही. त्यांचे म्हणणे मात्र खरे ठरले.

१६/ उलट उदाहरणही आहे. २०१४च्या ब्रँट खटल्यात वायोमिंगमधील एक मार्ग रेलबँकिंगशिवाय रीतसर सोडून दिलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी निर्णय दिला की तेथील वहिवाट संपली आणि जमीन मालकाकडे गेली. वाट टिकणार की मोडणार, हे कित्येकदा एका अर्जाच्या नोंदीवर ठरते.

१७/ आणखी एक थर खाली जाऊ. शेतकऱ्याच्या कागदाआधी कोण होते? १८०८च्या करारात ओसेज लोकांनी आजच्या मिझुरीचा फार मोठा भाग अमेरिकी सरकारच्या हवाली केला. सरकारकडून ती भूमी वसाहतकारांकडे आली, त्यांच्याकडून वाट रेल्वेकडे आणि रेल्वेकडून सायकलीकडे. यातील प्रत्येक पायरीवर कागद आहे. प्रत्येक पायरीवर न्याय होता का, हे कागद सांगत नाही.

१८/ १९९३च्या महापुराने मिझुरी नदीकाठचा ट्रेल मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केला. तो पुन्हा बांधला गेला. ज्या छोट्या गावांतून रेल्वे गेल्यावर रहदारी आटली होती, तेथे आता सायकलस्वार मुक्कामाला थांबतात, जेवतात, खोल्या घेतात. आगगाडीमुळे वसलेल्या गावांना त्याच भरावावरून पुन्हा गिऱ्हाईक मिळाले.

१९/ मला स्वतःला या प्रकरणात कोणा एकाची बाजू घेता येत नाही. ती सलग पट्टी मोडू दिली असती तर पुढच्या पिढ्यांनी एक अमोल सार्वजनिक ठेवा गमावला असता. पण त्यासाठीचा भार काठावरच्या काही कुटुंबांनीच का वाहावा? भरपाईचा निकाल मला म्हणूनच रस्त्याइतका महत्त्वाचा वाटतो.

२०/ पुढच्या वेळी एखाद्या निर्मनुष्य वाटेचे देखणे छायाचित्र समोर आले, तर क्षणभर विचारा: ही वाट सपाट कोणी केली, तिची जमीन कोणी दिली, आणि ती मोकळी ठेवण्यासाठी कोण कोणाशी भांडले? आपल्या तालुक्यात असा एखादा बंद पडलेला लोहमार्ग ठाऊक असेल, तर प्रतिसादात अवश्य लिहा. इति थ्रेड.