गांजाचं रोप, कायदा आणि वेड्यांच्या इस्पितळातला एक रकाना

घरातल्या घरात, दिव्याखाली गांजा लावण्याआधी नवशिक्यानं काय जाणून घ्यावं, हा आजचा विषय. खतपाण्याचं मी काही सांगणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. या रोपाभोवती जे कुंपण आहे ते कसं उभं राहिलं, तेवढं सांगतो.

आधी कायदा. १९८५चा एनडीपीएस कायदा गांजा म्हणतो तो फुलोऱ्याला. नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून काही राज्यांत भांग उघड विकली जाते. तरुणांचा घोटाळा होतो तो इथेच. पान व्याख्येबाहेर असलं, तरी विनापरवाना रोप लावणं हा गुन्हाच. कलम २० प्रमाणे लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रोपं किती, असा भेद लागवडीच्या त्या पोटकलमात नाही. शेत असो की कुंडी!

आता मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात हेच पीक सरकारच्या देखरेखीखाली निघत होतं. बंगालमध्ये नवगाव परिसरात परवानाधारक शेतकरी गांजा पिकवत. नर रोपं ओळखून उपटणारे जाणकार शेतोशेती फिरत, कारण परागकण पडले की मादीच्या फुलोऱ्यात बी धरतं आणि माल हलका होतो. आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यातही ही शेती होती. सरकारला त्यातून महसूल मिळे.

मग १८९३ साली ब्रिटिश संसदेत विल्यम केन या दारूबंदीवादी खासदारानं गांजाच्या दुष्परिणामांचा प्रश्न काढला आणि चौकशी आयोग नेमला गेला. सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. १,१९३ साक्षीदार तपासले गेले.

त्या काळी सर्वमान्य समज काय होता? गांजानं वेड लागतं. पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी दाखवत. आयोगानं ती आकडेवारी तयार कशी होते, हेच तपासलं. रुग्णाच्या कागदात ‘वेडाचं कारण’ असा रकाना असे. तो भरायचा कुणी? बहुतेक वेळा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसानं! कारण ठाऊक नसलं आणि माणूस गांजा ओढतो असं कळलं, की ‘गांजा’ लिहून मोकळं. पुढे तीच नोंद इस्पितळाच्या वहीत उतरे आणि वहीतून सरकारी अहवालात. १८९२ सालच्या २२२ रुग्णांचं वेड गांजा-भांगेच्या नावावर टाकलेलं होतं. आयोगानं प्रकरणं पुन्हा उकरली, तेव्हा त्यांतली ९८च टिकली.

तत्त्वज्ञानात आम्ही शिकवतो, की दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. इथे तर सोबत दिसणंही नीट तपासलेलं नव्हतं. आयोगाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनानं सहसा अपाय होत नाही, अतिसेवनानं होतो. म्हणून सरसकट बंदी नको, परवाने आणि कर यांनी आळा घालावा.

मग बंदी आली कुठून? १९२५च्या जिनिव्हा परिषदेपासून गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणात आला, १९६१च्या करारानं ते घट्ट झालं. पानांना वगळणारी व्याख्या त्या करारातलीच.

आता कुणी म्हणेल, ‘सर, म्हणजे १८९४चा अहवाल आमच्या बाजूचा!’ तसं नाही बरं का. आयोगानं तपासलेला गांजा शेतातला होता. आज बंद खोलीत दिव्यांनी दिवस-रात्र ठरवून वाढवतात ते वाण निवडून निवडून तयार केलेले. टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य त्यांत खूप वाढवलेलं असतं. जुनी साक्ष नव्या रोपाला लावणं म्हणजे पोलिसानं भरलेल्या त्या रकान्यासारखंच झालं.

तेव्हा नवशिक्यानं दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. हे अपायकारक आहे का, हा पुराव्याचा प्रश्न. तो उघडा आहे, त्यावर जरूर वाद घाला. हा गुन्हा आहे का, याचं उत्तर मात्र आज स्पष्ट आहे. कायदा चुकीचा वाटत असेल, तर तो बदलावा म्हणून लिहा, बोला, मागणी करा. तोवर कुंडीत तुळस बरी.